मायावतीची एक रात्र: सहा निरीक्षक, एक कॅमेरा आणि न जुळणाऱ्या वेळा

पार्श्वभूमी

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहा विद्यार्थ्यांनी मायावती या ताऱ्याच्या तेजात होणारे बदल मोजण्याचा प्रकल्प हाती घेतला होता, आणि अनेक वर्षे आकाशाचे वेध घेणारा एक हौशी निरीक्षक म्हणून त्यांना मार्गदर्शन करण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यांतील एका रात्री जे घडले आणि त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही जे शोधत बसलो, त्याची ही हकिगत आहे. विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा उल्लेख अ, ब, क, ड, ई आणि फ असा केला आहे.

मायावती म्हणजे पाश्चात्त्य परंपरेतला अल्गोल. ययाती तारकासमूहातील हा तारा एरवी २.१ प्रतीचा दिसतो, परंतु दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावत जाऊन ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप. तिचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे लक्षात घेतले म्हणजे या उतरणीत त्याचे तेज जवळजवळ एक तृतीयांशावर येते हे कळते. हा सगळा खेळ सुमारे दहा तास चालतो. कारण असे की मायावती हा एकटा तारा नाही. एक तेजस्वी आणि एक मंद असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात, आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की आपल्याकडे येणारा प्रकाश अडतो. या आडव्या येण्याला पिधान म्हणतात. इंग्लंडमधील यॉर्क येथे राहणाऱ्या जॉन गुडरिक या बहिऱ्या तरुणाने केवळ डोळ्यांनी पाहून १७८३ मध्ये या ताऱ्याचा आवर्तकाल काढला आणि एखादी काळी वस्तू ताऱ्यासमोरून जात असावी असा तर्क मांडला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. वर्णपटावरून या तर्काची खात्री पटवून देण्यास १८८९ साल उजाडावे लागले. ते काम जर्मनीतील फोगेल यांनी केले.

विद्यार्थ्यांना हा तारा सुचवण्यामागे माझा हेतू सरळ होता. ताऱ्याला हात लावता येत नाही आणि त्याच्यावर प्रयोगही करता येत नाही. त्याच्याकडून आलेला प्रकाश कोणत्या दिशेने आला, किती आला, कोणत्या रंगांचा आला आणि केव्हा आला, एवढेच आपल्या हाती असते. ताऱ्यांचे आकार, वस्तुमाने आणि अंतरे ही सारी याच चार गोष्टींतून काढलेली आहेत. मायावतीच्या बाबतीत ‘किती’ आणि ‘केव्हा’ या दोन गोष्टी दुर्बिणीशिवाय, गच्चीवर बसून मोजता येतात. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे आणि विद्यार्थ्यांनी स्वाभाविकपणे तिच्याविषयी विचारले होते. पण इतक्या तेजस्वी ताऱ्यासाठी एवढी मोठी दुर्बीण लागत नाही, उलट तिच्या कॅमेऱ्यात अशा ताऱ्याचा प्रकाश मावतच नाही.

प्रकल्पाचे उद्दिष्ट दोन आकड्यांत सांगता येण्यासारखे होते: पिधानाच्या मध्यावर तारा किती प्रतीपर्यंत उतरतो आणि तो मध्य नेमका किती वाजता येतो.

वेधाची तयारी आणि तेव्हाचे निर्णय

पहिला निर्णय जागेचा होता. मुळशीच्या पुढे एका विद्यार्थ्याच्या नातेवाइकांचे शेतघर होते आणि तिथले आकाश पुण्यापेक्षा कितीतरी काळोखे होते. दुसरा पर्याय सिंहगड रस्त्यावरील एका इमारतीच्या गच्चीचा होता. शेतघरावर जायचे म्हणजे घरच्यांची परवानगी, रात्रीचा दुचाकीचा प्रवास आणि दुसऱ्या दिवशीचे तास बुडणे हे सगळे आले. मायावतीचे पिधान दर वेळी सुमारे तीन दिवसांनी, पण आधीच्यापेक्षा ३ तास ११ मिनिटे लवकर येते. त्यामुळे सोयीच्या वेळी येणारी पिधाने महिन्यात मोजकीच असतात आणि त्यातली एखादी ढगांत जाते. एका उत्तम रात्रीपेक्षा पाच साधारण रात्री अधिक उपयोगाच्या, असा विचार करून आम्ही गच्ची निवडली. डोक्यावरच्या आकाशात तेथून जेमतेम चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत होते आणि मायावती ३.४ च्या खाली जात नसल्याने तेवढे पुरेसे होते. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

दुसरा निर्णय डोळ्यांनी पाहायचे की कॅमेऱ्याने, हा होता. आम्ही दोन्ही ठेवले. पाच जणांनी डोळ्यांनी अंदाज घ्यायचे आणि ई या विद्यार्थिनीने ५० मिलिमीटर लेन्स लावलेला तिच्या भावाचा डीएसएलआर कॅमेरा तिकाटण्यावर बसवून दर दहा मिनिटांनी पाच-पाच सेकंदांची दहा चित्रे घ्यायची, असे ठरले. तारे किंचित धूसर करून घेतले होते, जेणेकरून प्रकाश चित्रातल्या थोड्या जास्त ठिपक्यांवर (पिक्सेलवर) पसरावा आणि कोणताही ठिपका पूर्ण भरून जाऊ नये. एका चित्राऐवजी दहा घेतली होती, कारण वातावरणामुळे तारा लुकलुकतो आणि ते लुकलुकणे सरासरीत विरून जाते.

डोळ्यांच्या निरीक्षणात ताऱ्याची प्रत थेट ‘दिसत’ नसते. जवळचे, ज्यांची प्रत ठाऊक आहे आणि जे बदलत नाहीत असे तारे निवडून त्यांच्याशी तुलना करावी लागते. त्यांना तुलनातारे म्हणतात. मी विद्यार्थ्यांना माझ्याकडचा एक जुना छापील नकाशा दिला आणि त्यावरून तारे निवडायला सांगितले. देवयानीतील अल्माक २.१, ययातीतील एप्सिलॉन २.९, डेल्टा ३.०, कप्पा ३.८ आणि मायावतीच्या अगदी खाली, दोनच अंशांवर असलेला ऱ्हो, ज्याच्यापुढे नकाशात ३.४ छापलेले होते.

ऱ्हो फारच सोयीचा होता. मायावती सर्वांत मंद असताना जितकी असते नेमका तितकाच, आणि मान न वळवता दिसणारा.

अडचण

वेधाची मुख्य रात्र मार्गशीर्षातील कृष्णपक्षातली, डिसेंबरच्या मध्याची होती. आकाश निरभ्र होते आणि चंद्र पहाटे उगवणार होता. आधीच्या एका ज्ञात पिधानात आवर्तकालाच्या पटी मिळवून विद्यार्थ्यांनी मध्याची वेळ रात्री १०.४० अशी काढली होती. सायंकाळी साडेसहाला सुरू झालेले निरीक्षण पहाटे तीनपर्यंत चालले. कोणीही झोपले नाही, नोंदी भरपूर झाल्या आणि सगळे समाधानाने घरी गेले.

दोन दिवसांनी आलेख कागदावर आले तेव्हा त्यांच्यात मेळ नव्हता. ब आणि ड यांच्या नोंदींप्रमाणे तारा फक्त ३.० ते ३.१ पर्यंत उतरला होता. कॅमेऱ्याच्या मोजणीत तो ३.४ पर्यंत गेला होता. मध्याची वेळ अ च्या आलेखावरून १०.४०, फ च्या आलेखावरून १०.१८ आणि कॅमेऱ्यावरून १०.२१ अशी येत होती. क चा आलेख काढताच आला नव्हता, कारण तिने वहीत प्रतीचे आकडेच लिहिले नव्हते.

गटात दोन तट पडले, आणि मला या प्रकरणात हेच सर्वांत शिकण्यासारखे वाटते. अ चे म्हणणे होते की गणिताने काढलेली वेळ १०.४० आहे आणि त्याच्या डोळ्यांनीही १०.४० च दाखवली, तेव्हा त्याची नोंद बरोबर आणि कॅमेरा कुठेतरी चुकतो आहे. ई चे म्हणणे होते की कॅमेऱ्याला आधी उत्तर ठाऊक नव्हते, अ ला होते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते आणि दोघांपैकी कोणाकडेही पुरावा नव्हता.

समोरचे पर्याय

चार मार्ग आमच्यापुढे होते आणि प्रत्येकाच्या बाजूने कोणीतरी होते.

पहिला मार्ग असा की ही रात्र सोडून द्यावी आणि पुढच्या पिधानाची वाट पाहावी. परीक्षा जवळ आल्याने दोघांना तो पसंत होता. मला तो नको होता, कारण चूक कुठे आहे हे न कळता पुन्हा निरीक्षण केले तर तीच चूक पुन्हा होते, फक्त या वेळी ती सगळ्यांची सारखी होऊन लपण्याची शक्यता वाढते.

दुसरा मार्ग सरासरीचा. १०.१८, १०.२१ आणि १०.४० यांची सरासरी १०.२६ येते, आणि तेवढीच अहवालात लिहावी असे ब ने सुचवले. ही सूचना दिसते तितकी अडाणी नाही. हात थरथरल्यामुळे, तारा लुकलुकल्यामुळे किंवा अंदाज इकडेतिकडे गेल्यामुळे होणाऱ्या चुका कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जातात आणि सरासरीत एकमेकींना खोडतात. परंतु एखादे घड्याळच मागे असेल तर ते प्रत्येक नोंदीत तितकेच मागे असते. अशा चुकीवर सरासरी कधीच उपाय ठरत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे गणिताशी जुळणारी नोंद ठेवून बाकीच्या गाळाव्यात. हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत घातक मार्ग होता. मायावतीचा आवर्तकाल अगदी स्थिर नाही; मंद ताऱ्यावरून तेजस्वी ताऱ्यावर पदार्थ वाहत असतो आणि सुमारे ६८० दिवसांत फिरणारा तिसरा ताराही त्या जोडीला आहे. लोक या ताऱ्याच्या पिधानाच्या वेळा आजही मोजतात ते नेमके एवढ्यासाठी की गणिताने दिलेली वेळ आणि आकाशात दिसलेली वेळ यांत किती फरक पडतो हे कळावे. जो वेध गणिताशी जुळला म्हणूनच ठेवला, त्यातून नवीन काहीच कळू शकत नाही.

चौथा मार्ग असा की एकही नोंद न खोडता प्रत्येक फरकाचे कारण शोधायचे, आणि ज्याचे कारण सापडणार नाही तो फरक तसाच अनिश्चितता म्हणून लिहायचा. वेळखाऊ असला तरी आम्ही हाच निवडला. त्या बैठकीत ड ने मला विचारले होते, “काका, मग आमच्या चुकीच्या नोंदींचं काय करायचं, खोडायच्या का?” मी म्हणालो, “खोडायचं काहीच नाही. शेजारी वेगळ्या शाईनं लिहा, आणि कधी लिहिलं ती तारीख टाका.”

काय केले

*ऱ्हो आणि कप्पा*

उलगडा क च्या वहीतून सुरू झाला. तिने एकाही ठिकाणी ‘मायावती ३.२’ असे लिहिले नव्हते. १८४४ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ आर्गेलांडर यांनी हौशी निरीक्षकांना आवाहन करून जी पद्धत सांगितली, तिच्याप्रमाणे ती पायऱ्यांत लिहीत होती: दोन तारे प्रथमदर्शनी सारखे वाटतात पण नीट पाहिल्यावर एक किंचित उजळ ठरतो तेव्हा एक पायरी, फरक लगेच जाणवतो तेव्हा दोन-तीन पायऱ्या, आणि याप्रमाणे पुढे. आधीच्या सरावात तिची एक पायरी साधारण ०.१ प्रतीची भरली होती. मध्याच्या सुमाराची तिची नोंद अशी होती: ‘१०.३० : डेल्टापेक्षा ४ मंद, ऱ्होपेक्षा ४ उजळ.’ आणि त्याखाली, वहीच्या समासात, बारीक अक्षरात: ‘ऱ्हो आणि कप्पा सारखेच दिसतात?’

डेल्टापासून ऱ्होपर्यंत एकूण आठ पायऱ्या, म्हणजे सुमारे ०.८ प्रत. नकाशाप्रमाणे मात्र डेल्टा ३.० आणि ऱ्हो ३.४, म्हणजे अंतर अवघे ०.४. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. समासातील प्रश्नाचा अर्थ तेव्हा लागला. ऱ्हो जर ३.८ च्या कप्पाइतकाच मंद दिसत असेल, तर चूक तिच्या डोळ्यांची नसून नकाशातल्या आकड्याची होती.

ऱ्हो हा स्वतःच रूपविकारी तारा आहे. तो तांबूस राक्षसी तारा असून सुमारे पन्नास दिवसांच्या ढिल्या आवर्तनात ३.३ ते ४.० या दरम्यान कमी-जास्त होत असतो. ज्या पट्टीने मोजायचे ती पट्टीच लांब-आखूड होत होती. हे मला वाचून माहीत होते, आणि तरीही नकाशा देताना मी त्याच्यावर फुली मारली नाही. ही चूक माझी होती आणि विद्यार्थ्यांना मी तसे सांगितले.

ई च्या प्रत्येक चित्रात मायावतीबरोबर ऱ्होही आला होता. त्याची कोणाला गरज पडेल असे ते घेताना वाटले नव्हते. आता आम्ही डेल्टा, एप्सिलॉन आणि कप्पा यांच्याशी तुलना करून हिरव्या रंगाच्या ठिपक्यांवरून त्याची प्रत मोजली आणि ती ३.८ च्या आसपास आली. ऱ्हो फार तांबडा असल्याने कॅमेऱ्याच्या हिरव्या ठिपक्यांची मोजणी आणि प्रमाणित दृश्यप्रत यांत थोडा फरक राहतो, म्हणून आम्ही दुसऱ्या दशांशाचा आग्रह धरला नाही. ऱ्हो ३.८ धरल्यावर क ची नोंद दोन्ही बाजूंनी ३.४ देऊ लागली, आणि तिच्या सबंध रात्रीच्या नोंदी नव्याने मांडता आल्या.

ब आणि ड यांच्या नोंदींचे मात्र तसे करता आले नाही. त्यांनी कष्ट कमी घेतले नव्हते. थंडीत तेही तितकाच वेळ उभे होते. पण त्यांनी वहीत फक्त शेवटचा आकडा लिहिला होता: १०.३० ला ३.०, १०.४५ ला ३.१. तो आकडा कोणत्या ताऱ्याशी तुलना करून आला, किती फरक वाटला, हे कागदावर कुठेच नव्हते. काही नोंदी ऱ्होवरून होत्या, काही डेल्टावरून, आणि कोणती कुठली हे दोन दिवसांनी त्यांनाही आठवत नव्हते. पट्टी चुकीची होती हे कळूनही, ती कुठे कुठे वापरली हे माहीत नसल्याने दुरुस्ती अशक्य झाली. जे डोळ्यांनी पाहिले ते न लिहिता त्यावरून काढलेले उत्तर लिहिले, की मूळ वेध कायमचा हरवतो, हे मी अनेकदा सांगितले असेन. पण दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्यावर ते जसे उमगले तसे सांगून उमगले नसते.

*कॅमेऱ्याचे घड्याळ*

वेळेचा प्रश्न यापेक्षा सरळ निघाला. ई च्या टिपणात सुरुवातीलाच एक ओळ होती: ‘६.५२ : अंतराळ स्थानक गेले, मिरफाकच्या खालून.’ (मिरफाक हा ययातीतलाच एक तारा.) आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक त्या संध्याकाळी पुण्यावरून जाणार होते आणि सगळ्यांनी निरीक्षण थांबवून ते पाहिले होते. तिने मोबाइलवर वेळ पाहून, केवळ आनंद म्हणून, ते लिहून ठेवले होते. त्याच वेळी चित्रमालिका चालू होती आणि एका चित्रात स्थानकाची उजळ रेघ उमटली होती. त्या चित्राशी कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ होती ६.४१.

कॅमेऱ्याचे घड्याळ अकरा मिनिटे मागे होते. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून जुळवली जाते, कॅमेऱ्याची वेळ मात्र कोणीतरी कधीतरी हाताने लावलेली असते आणि ती हळूहळू सरकत जाते. स्थानक जाण्याची वेळ आधी जाहीर झालेली होती, तिच्याशीही ई ची नोंद पडताळून पाहिली. अकरा मिनिटांची दुरुस्ती केल्यावर कॅमेऱ्यावरून मध्याची वेळ १०.३२ झाली.

*प्रकाशाचा प्रवास*

तरीही आठ मिनिटे उरत होती, आणि इथे कोणाचेही काही चुकलेले नव्हते. विद्यार्थ्यांनी गणिताने काढलेली १०.४० ही वेळ सूर्यावरून पाहणाऱ्या निरीक्षकासाठी होती. पिधानांच्या वेळा अशा सूर्यकेंद्री ठेवण्याची पद्धत आहे, कारण पृथ्वी वर्षभरात कधी ताऱ्याच्या जवळ तर कधी दूर असते आणि तोच प्रकाश कधी आधी तर कधी नंतर पोहोचतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पृथ्वी सूर्यापेक्षा मायावतीच्या बाजूला असते. त्या रात्री हा फरक सुमारे सात मिनिटांचा होता: म्हणजे गच्चीवरून पिधानाचा मध्य १०.४० ला नव्हे, तर १०.३३ च्या सुमारास दिसायला हवा होता. कॅमेऱ्याच्या १०.३२ मध्ये सात मिनिटे मिळवल्यावर सूर्यकेंद्री वेळ १०.३९ झाली. एक मिनिट उरले, आणि कॅमेऱ्याच्या मोजणीतील अनिश्चितताच आम्ही चार मिनिटांची धरली होती.

या ठिकाणी गट बराच वेळ गप्प होता. अ ची १०.४० ही नोंद, जी पहिल्या दिवशी सर्वांत बरोबर वाटली होती, ती आकाशात घडलेल्या घटनेशी सात मिनिटांनी चुकलेली होती. ती जुळत होती ती फक्त विद्यार्थ्यांच्याच गणिताशी, आणि ते गणित पृथ्वीवरच्या घड्याळासाठी नव्हते. अ ने मुद्दाम काही केले नव्हते. त्याला मध्याची वेळ ठाऊक होती, आणि तारा सर्वांत मंद असताना अर्धा-पाऊण तास त्याच्या तेजात जवळजवळ काहीच फरक जाणवत नाही. अशा वेळी मन जिथे थांबायचे तिथे थांबते. सात मिनिटांची चूक डोळ्यांच्या निरीक्षणात मोठी नव्हे. पण ती कोणत्या दिशेला झाली, हे महत्त्वाचे होते.

*क्षितिजाजवळची हवा*

फ चा प्रश्न शेवटी सुटला. मध्यरात्रीनंतर तारा पुन्हा उजळू लागला तेव्हा तो सगळ्या नोंदी अल्माकशी तुलना करून घेत होता. पहाटे अडीचच्या सुमारास मायावती वायव्येला सुमारे ३० अंश उंचीवर होती, तर तिच्याआधी मावळणारा अल्माक १८ अंशांच्या आसपास उतरला होता. तारा जितका खाली तितका त्याचा प्रकाश जास्त हवेतून येतो, आणि डिसेंबरच्या रात्री शहरावर धूर आणि धुळीचा थर साचलेला असतो. अल्माक त्यामुळे मायावतीपेक्षा सुमारे ०.३ प्रतीने जास्त मंदावला होता, आणि त्याच्याशी तुलना केल्यावर मायावती होती त्यापेक्षा उजळ वाटत होती. चढती बाजू अशी लवकर वर गेली की उतरत्या आणि चढत्या बाजूंच्या मधोमध काढलेला मध्यही आधी सरकतो. फ ने प्रत्येक नोंदीशी तुलनाताऱ्याचे नाव लिहिले होते, म्हणून उंचीनुसार दुरुस्ती करता आली आणि त्याचा मध्य १०.१८ वरून १०.३० वर आला.

फलित

अहवालात शेवटी किमान तेजाची प्रत ३.४ आणि मध्याची सूर्यकेंद्री वेळ १०.३९, अनिश्चितता चार मिनिटे, अशी नोंद गेली. ती कॅमेऱ्यावरून काढलेली होती. क आणि फ यांच्या डोळ्यांच्या नोंदींवरून गच्चीच्या घड्याळाप्रमाणे आलेल्या १०.३६ आणि १०.३० या वेळा, पंधरा मिनिटांच्या अनिश्चिततेसह, स्वतंत्र तक्त्यात दिल्या. अ ची नोंदही तक्त्यात ठेवली आणि निरीक्षकाला अपेक्षित वेळ ठाऊक होती असे तिच्यापुढे लिहिले. ते वाक्य त्याने स्वतः लिहिले. ब आणि ड यांच्या प्रतींचे आकडे परिशिष्टात गेले, आलेखात नाहीत.

पुढची दोन पिधाने त्याच गच्चीवरून मिळाली. एक ढगांमुळे अर्धवट राहिले. दुसऱ्यात उतरती आणि चढती अशा दोन्ही बाजू मिळाल्या आणि चार जणांच्या वेळा दहा मिनिटांच्या आत आल्या.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

तुलनातारे निवडण्याचा निर्णय मी फार सहज घेतला. अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना १९११ पासून या कामासाठीच आहे आणि तपासलेले तुलनातारे दाखवणारे तिचे नकाशे कोणालाही मिळू शकतात. माझ्या जुन्या नकाशाऐवजी ते पहिल्या दिवशी वापरले असते तर ऱ्होचा घोळ झालाच नसता. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यावर काम करणारे शास्त्रज्ञही ज्या स्रोताचा अभ्यास करायचा त्याच्याकडे सलग पाहत बसत नाहीत. मधूनमधून त्या तीसही अँटेना तीव्रता ठाऊक असलेल्या एखाद्या प्रमाण स्रोताकडे वळवतात आणि मग परत येतात. गच्चीवरच्या डोळ्यांचे आणि त्या अँटेनांचे काम या एका बाबतीत सारखेच आहे. निदान दोन तुलनाताऱ्यांशी प्रत्येक नोंद करावी आणि रात्रीतून एकदा ते तुलनातारे एकमेकांशीही ताडून पाहावेत, हा नियम मी आता घालतो. त्या रात्री ते ताडणे एकट्या क ने केले, तेही कोणी न सांगता. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो उगाच उजळ भासू लागतो, म्हणून तिथे झटपट नजर टाकून निर्णय घ्यावा, हेही आता आधीच सांगतो.

अपेक्षित वेळ सांगायची की नाही, यावर माझे मत पूर्ण स्थिर झालेले नाही. वेळ न सांगता विद्यार्थ्यांना गच्चीवर कधी यायचे हे कसे कळणार, ही अडचण खरी आहे. नंतरच्या पिधानांना आम्ही एवढेच सांगितले की ‘मध्य रात्री नऊ ते एकच्या दरम्यान येईल’, आणि नेमकी वेळ ई कडे बंद पाकिटात ठेवली. ती कॅमेऱ्यामागे असल्याने तिला ठाऊक असून बिघडत नव्हते. याचा एक तोटा झाला. नेमके कधी नोंदी दाट घ्यायच्या हे न कळल्याने सगळे सबंध रात्र सारख्याच अंतराने पाहत राहिले आणि मध्यरात्रीपर्यंत थकले. पुढे कोणी हा प्रकल्प केला तर त्यांनी जागरणाच्या पाळ्या लावाव्यात असे मला वाटते.

कॅमेऱ्याचे घड्याळ हा सर्वांत सोपा सुटणारा प्रश्न होता आणि सर्वांत सहज टाळता आलाही असता. वेध सुरू करताना आणि संपवताना मोबाइलवरील सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचे एकेक चित्र घ्यायचे, एवढे पुरते. त्या रात्री स्थानक गेले नसते, किंवा गेले तरी ई ने ते लिहिले नसते, तर अकरा मिनिटांची चूक आम्हाला कळली नसती. आणि कॅमेऱ्याचा आकडा गणितापासून दूर पडतो म्हणून आम्ही बहुधा अ च्या बाजूने निर्णय दिला असता. हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

आता त्यांच्या वहीच्या प्रत्येक पानावर प्रतीचा रकाना शेवटी असतो आणि तो दुसऱ्या दिवशी भरला जातो. गच्चीवर लिहायचे ते वेळ, तुलनाताऱ्याचे नाव, पायऱ्या, ताऱ्याची अंदाजे उंची आणि आकाशाची स्थिती एवढेच. क ने हिवाळा संपेपर्यंत मायावतीचे काम केले आणि नंतर ऱ्होचीच निरीक्षणे घ्यायला सुरुवात केली. ययाती संध्याकाळच्या आकाशात असेपर्यंत दर पाच-सहा दिवसांनी ती त्याची कप्पा आणि डेल्टाशी तुलना करते, आणि मे महिन्यात तो समूह सूर्याच्या प्रकाशात बुडाला की पावसाळा संपून तो पुन्हा वर येण्याची वाट पाहते.